अन्ननलिकेचा नाहीतर गुदद्वाराचा कॅन्सर निघाला, तर नेटवरचं रिसर्च कसं वाचायचं

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत आमचं मेडिकल आहे, त्यामुळं केमोची चिठ्ठी घेऊन आलेला कुणा ना कुणाचा पोरगा मोबाईल पुढं करतोच, काका हे बघा की, जर्मनीत म्हणे लाईट (म्हणजे रेडिएशन) द्यायची गरजच नाही असं निघालंय आणि आमच्या वडलांना डॉक्टरांनी २३ लाईट लिहून दिल्यात. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला माणूस, औषध बदला किंवा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, पण असलं रिसर्च वाचायचं कसं एवढं नक्की सांगू शकतो, आणि ते कळलं तर ओपीडीत मिळणारी पाच मिनिटं वाया जात नाहीत.

पहिलं काम म्हणजे मोबाईल खिशात ठेवा आणि फाईलमधनं बायोप्सीचा रिपोर्ट काढा. एंडोस्कोपीचा नाही, सीटीचा नाही, बायोप्सीचाच. त्यात खाली निदानाची एक ओळ असते, तिथं बहुतेक स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असं लिहिलेलं असेल, क्वचित ॲडेनोकार्सिनोमा. अन्ननलिकेत हे दोन जवळजवळ वेगळेच आजार आहेत. स्क्वॅमस हा तंबाखू, विडी, दारू यांच्याशी जोडलेला, बहुतेक वेळा नळीच्या वरच्या नाहीतर मधल्या भागात, आणि आपल्या देशात हाच जास्त. ॲडेनो हा खाली जठराजवळ, वर्षानुवर्षांची ॲसिडिटी आणि लठ्ठपणा यातनं येणारा, युरोप अमेरिकेत हा जास्त. आता नेटवर जे मोठंमोठं रिसर्च सापडतं ते बरंचसं तिकडचं, म्हणजे ॲडेनोच्या पेशंटवर केलेलं. जत आटपाडीकडचा आयुष्यभर तंबाखू मळलेला माणूस त्यात बसतोय का नाही हे आधी बघायचं, आकडे नंतर.

ती जर्मनीची बातमी घ्या. ट्रायलचं नाव ईसोपेक, २०२४ ला अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर परिषदेत मांडलं. ४३८ पेशंट, अर्ध्यांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर फ्लॉट नावाची चार औषधांची केमो, अर्ध्यांना ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन एकत्र. फ्लॉटवाले पुढं गेले, मध्यक आयुष्य (मध्यक म्हणजे काय ते पुढं सांगतो) ६६ महिने विरुद्ध ३७. बातमी खरीच आहे, फक्त यातले सगळेच्या सगळे पेशंट ॲडेनोचे होते. स्क्वॅमसवाल्याला या ट्रायलमधनं ना आशा मिळते ना भीती, त्याचा यात विषयच नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकी हीच ओळ गळलेली असते!

वडलांच्या २३ लाईट कुठनं आल्या ते पण सांगतो. नेदरलँड्समध्ये क्रॉस नावाची ट्रायल झाली, २०१२ ला छापून आली. आठवड्यातनं एकदा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं असं पाच आठवडे, आणि सोबत ४१.४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचं माप) रेडिएशन २३ भागांत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज एक, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. ३६६ पेशंट होते, नुसतं ऑपरेशन केलेल्यांचं मध्यक आयुष्य २४ महिने आणि आधी केमो रेडिएशन घेऊन ऑपरेशन केलेल्यांचं ४९. आता गंमत बघा, या ट्रायलमध्ये पण ७५ टक्के पेशंट ॲडेनोचेच, स्क्वॅमसवाले फक्त २३ टक्के, पण फायदा जास्त झाला तो स्क्वॅमसवाल्यांना. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासला तर त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांत जिवंत गाठ सापडलीच नाही, ४९ टक्के, आणि ॲडेनोत २३. पुढं २०१५ ला जास्त वर्षांचा हिशोब आला तेव्हा स्क्वॅमसमध्ये ८१ महिने विरुद्ध २१ असा फरक निघाला. म्हणून मी त्या पोराला म्हटलं, बाबा तुझ्या डॉक्टरांनी जुनं काही लिहिलेलं नाही, तुझ्या वडलांच्या बायोप्सीला जुळणारं लिहिलंय.

मध्यक म्हणजे काय ते बरेच जण चुकवतात. सगळे पेशंट कोण किती दिवस जगलं त्या क्रमानं रांगेत उभे केले तर बरोबर मधल्याचा जो आकडा तो मध्यक, म्हणजे अर्धे त्याच्या अलीकडं आणि अर्धे पलीकडं, त्यात काही जण दहा वर्षं पण जगलेले असतात. "डॉक्टरांनी ४९ महिने दिलेत" असं घरात बोलायचं नसतं, तो आकडा कुणा एकाला दिलेला नसतो.

दुसरं बघायचं, तुलना कशाशी केली आणि मोजलं काय. आयुष्य मोजलं का आजार परत येईपर्यंतचा काळ मोजला, या दोन गोष्टी वेगळ्या. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीची (म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) चेकमेट ५७७ म्हणून ट्रायल आहे, २०२१ ला आली, त्यात आजार परत न येता गेलेला काळ ११ महिन्यांवरनं २२ वर गेला, चांगलीच गोष्ट आहे. पण कुणाला दिलं ते वाचा, ज्यांचं केमोरेडिएशन झालं, ऑपरेशन झालं, आणि तरी काढलेल्या तुकड्यात गाठ शिल्लक होती त्यांना. ज्याचं ऑपरेशन झालेलंच नाही त्याच्यासाठी जमीन गहाण टाकून ते इंजेक्शन शोधत फिरण्याआधी एवढं एक वाक्य डॉक्टरांना विचारा, यांना ते लागू पडतंय का.

मग ग्रेचा आकडा. लोकांना वाटतं जास्त ग्रे म्हणजे जास्त ताकदीची ट्रीटमेंट, अमक्याला पुण्यात ६० दिले आमच्याला ५० च का. ज्यांचं ऑपरेशन करायचं नसतं त्यांना साधारण ५० ग्रे केमोसोबत देतात, आणि हा आकडा कंजूषपणा म्हणून आलेला नाही. १९९२ ला छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये नुसतं ६४ ग्रे रेडिएशन आणि केमोसकट ५० ग्रे अशी तुलना केली, पाच वर्षांनी केमोवाल्या गटात २६ टक्के जिवंत होते आणि नुसत्या रेडिएशनच्या गटात एकही नाही. पुढं केमोसकट ६४.८ देऊन बघितलं, २००२ ला निकाल आला, फायदा नाही. नेदरलँड्सवाल्यांनी नवीन मशिनवर ६१.६ देऊन परत बघितलं, २०२१ ला आलं, तरी फायदा नाही. त्यामुळं ऑपरेशनच्या आधीचे ४१ आणि ऑपरेशनशिवायचे ५० हे एकमेकांशेजारी ठेवून कमीजास्त म्हणायचं नाही, आधी विचारायचं की आमचा प्लॅन ऑपरेशनचा आहे का बिगर ऑपरेशनचा.

तिसरं एक नवीन आहे, सानो नावाची डच ट्रायल. केमोरेडिएशननंतर गाठ पूर्ण गेल्यासारखी दिसली तर लगेच ऑपरेशन न करता नजर ठेवायची, दोन वर्षांनी ७४ टक्के जिवंत, ऑपरेशनवाल्यांत ७१, म्हणजे नजर ठेवणारे मागं पडले नाहीत. ऐकून सगळ्यांना ऑपरेशन टाळावंसं वाटतंच, पण तिथं नजर ठेवणं म्हणजे ठरलेल्या तारखांना परत परत एंडोस्कोपी, बायोप्सी, पेट स्कॅन (PET, अंगात कॅन्सर कुठं आहे ते दाखवणारा). आता आपल्याकडचा पेशंट, गिळायला यायला लागलं की बरा झालो म्हणून गावाला जातो आणि उसाच्या तोडी संपल्याशिवाय परत येत नाही. माझं मत विचाराल तर अशा माणसानं या ट्रायलच्या नादाला लागू नये.

गुदद्वाराच्या कॅन्सरची गोष्ट निराळी, आणि याबद्दल कुणी बोलतच नाही, लाजेनं. रक्त पडतंय म्हटलं की मूळव्याध, मग बोर्ड लावलेले सगळे वैद्य फिरून होतात, सहा महिने मलमं चालतात, आणि तोवर कुणी बोट घालून तपासलेलंच नसतं. तपासायला लावा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रक्त, गाठ, बसताना दुखणं यातलं काही टिकून असेल तर सर्जनला दाखवा, बायोप्सी म्हटले तर नाही म्हणू नका. या आजाराच्या मागं बहुतेक वेळा एचपीव्ही व्हायरस असतो, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला असतो तोच, त्यामुळं पेशंटच्या चारित्र्यावर बोलायचं काही कारण नाही, हा व्हायरस लय जणांना कधी ना कधी होऊन जातो.

इथं रिसर्चनं खरंच माणसाचं आयुष्य बदललंय. पूर्वी गुदद्वार काढून टाकून पोटावर कायमची पिशवी हाच उपाय होता. डेट्रॉईटच्या नॉर्मन नायग्रो नावाच्या सर्जननं ऑपरेशन सोपं जावं म्हणून आधी थोडं रेडिएशन आणि ५ एफयू, मायटोमायसिन ही केमो दिली, आणि १९७४ ला तीन पेशंटची हकिकत छापली. दोघांचं ऑपरेशन झालं, काढलेल्या तुकड्यात कॅन्सर सापडलाच नाही, आणि तिसऱ्यानं ऑपरेशनला नकार दिला तर त्याचाही आजार परत दिसला नाही. तीनच पेशंट! पुढं ब्रिटनमध्ये शेकडो पेशंटवर तपासून ते पक्कं झालं, आणि आज ऑपरेशन ही पहिली पायरी राहिलेली नाही, उरलं किंवा परत आलं तर ऑपरेशन. त्यामुळं कुणी पहिल्याच भेटीत पिशवीचं ऑपरेशन सांगितलं, आणि बायोप्सी स्क्वॅमस असेल, तर रेडिएशनच्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाचा जो रेक्टमचा कॅन्सर असतो तो वेगळा, त्याचे नियम इथं लावायचे नाहीत.

ब्रिटनच्याच ॲक्ट टू या ट्रायलमधली एक गोष्ट पाठ करून ठेवा. ९४० पेशंट, ५०.४ ग्रे २८ भागांत, मायटोमायसिनच्या जागी सिस्प्लॅटिन देऊन बघितलं तर ते काही सरस ठरलं नाही, म्हणून मायटोमायसिन अजून चालू आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेळेचं. ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून ११ आठवड्यांनी ज्यांची गाठ पूर्ण गेली नव्हती त्यातल्या बऱ्याच जणांची २६ आठवड्यांपर्यंत आपोआप गेली. म्हणजे तीन महिन्यांत अजून गाठ लागतेय म्हणून घाबरून ऑपरेशनला पळायचं नाही, गाठ वाढत नाही ना एवढं बघत थांबायचं, आणि किती थांबायचं हे डॉक्टरांना तारखेसकट लिहून मागायचं.

रिसर्च शोधायचं कुठं, तर पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाईटवर सारांश फुकट वाचायला मिळतो, ट्रायलचं नाव इंग्रजीत टाका, पेशंट कोण होते ते वाचा आणि तिथंच थांबलात तरी चालतंय. दुसरं मत पाहिजे असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर दवाखान्यांचं जाळं) यांच्याशी जोडलेली 'नव्या' (Navya) या नावाची ऑनलाईन सोय आहे, फाईल अपलोड करायची, मुंबईला धावायला लागत नाही. ट्रीटमेंट मिरजेत, कराडात, कोल्हापुरात कुठंही घ्या, महात्मा फुले योजनेत बसतंय का ते पहिल्याच दिवशी योजनेच्या काउंटरला विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही. एसटी आणि रेल्वेला कॅन्सर पेशंटला सवलत आहे, दवाखान्याचा दाखला लागतो.

आणि कुठल्याच बातमीत न येणाऱ्या गोष्टी. लाईट चुकवायची नाही, पाहुण्यांचं लग्न असो नाहीतर यात्रा, स्क्वॅमस कॅन्सरमध्ये मधे खाडे पडले की परिणाम कमी होतो, मशीन बंद पडलं तर ते दिवस कसे भरून काढणार ते विचारा. अन्ननलिकेच्या पेशंटचं वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा, भाकरी जात नसेल तर पातळ पेज, दूध, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली खीर, आणि तेही उतरत नसेल तर नळी टाकू म्हटले की पेशंट रुसतो, तरी टाकून घ्या, वजन ढासळलं की केमो पुढं ढकलायला लागते. गुदद्वाराच्या पेशंटची तिथली कातडी तिसऱ्या चौथ्या आठवड्यात सोलवटते, हळद, खोबरेल, पावडर मनानं लावू नका, लाईटवाल्या सिस्टरनं सांगितलेलंच मलम. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात, रात्री दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच सांगायचं की केमोचा पेशंट आहे.