चिचारोन घातलेल्या ग्वाकामोलेची पूर्वतयारी

वरून कुरकुरीत डुकराचे मांस, म्हणजे चिचारोन, घातलेले मेक्सिकन ग्वाकामोले, म्हणजे अ‍ॅव्होकॅडोची जाडसर चटणी, कुटायला दहा मिनिटे पुरतात. परंतु त्याची तयारी तीन-चार दिवस आधीच सुरू करावी लागते, कारण अ‍ॅव्होकॅडो झाडावर मऊ होत नाही, तोडल्यानंतरच पिकतो. चौघांसाठी हास जातीची तीन मध्यम फळे कडक असतानाच आणून कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्यासोबत ठेवावीत. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती लवकर पिकतात. साल काळसर झाली एवढ्यावरून फळ तयार मानू नये, देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून ते किंचित दबते का हे पाहावे. फळ लवकर तयार झाले तर ते फ्रिजमध्ये दोनएक दिवस चांगले राहते, पण कच्च्या फळावर ऐनवेळी उपाय नाही.

मांसाचे काम आदल्या दिवशी हाती घ्यावे आणि त्यासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. पोटाकडचा, कातडीसह असलेला अर्धा किलोचा तुकडा मिठाच्या पाण्यात मंद आचेवर तासभर, कातडीत सुरी सहज शिरेपर्यंत शिजवावा. एवढ्या वेळात कातडीतील चिवट कोलॅजन मऊ पडते. मग तो फडक्याने कोरडा करून, कच्च्या पदार्थांपासून दूर, जाळीवर उघडाच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. ही पायरी गाळण्याचा मोह अजिबात धरू नये, कारण कातडीवर ओल राहिली तर तेल भयंकर उडते आणि कुरकुरीतपणाही येत नाही. तळण्यासाठी जाड बुडाचे खोल भांडे, ते निम्म्याहून कमी भरेल इतके तेल किंवा डुकराची चरबी, जाळीचे झाकण, लांब चिमटा आणि शक्य असल्यास तेलाचा थर्मामीटर हाताशी असावा. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे आधी मध्यम आचेवर, चरबी बऱ्यापैकी सुटेपर्यंत तळावेत आणि शेवटी तेल सुमारे १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कातडी फुलू द्यावी. गरम असतानाच मीठ भुरभुरून तुकडे जाळीवर निथळत ठेवावेत; झाकून ठेवले तर वाफेने नरम पडतात.

कुटण्यासाठी बेसाल्ट दगडाचा मोल्काहेते उत्तम, नसल्यास कोणताही जड खलबत्ता चालतो. अर्धा पांढरा कांदा, एक-दोन सेरानो किंवा हालापेन्यो मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक लिंबू आणि मीठ एवढेच साहित्य लागते. टोमॅटो अनेक जण घालतात. येथे मात्र तो टाळलेला बरा, कारण त्याच्या पाण्याने चिचारोन लवकर भिजतो. कांदा, मिरची, निम्मी कोथिंबीर आणि मीठ आधी वाटून घ्यावे, मग अ‍ॅव्होकॅडोचा गर घालून तो जाडसरच मोडावा. मांस खारट असल्याने मीठ बेताने घालावे. लिंबू मात्र सढळ हाताने पिळावे, कारण त्याच्या आंबटपणामुळे चरबीचा जडपणा कमी होतो आणि गर काळा पडण्याचा वेगही मंदावतो. वाढायला अवकाश असेल तर प्लास्टिकची फिल्म गराला चिकटवूनच झाकावे, म्हणजे मध्ये हवा राहत नाही.

मक्याचे तोतोपोस, म्हणजे कुरकुरीत चिप्स, टेबलावर आल्यानंतरच चिचारोन आणि उरलेली कोथिंबीर वर घालावी. काही उरलेच तर ग्वाकामोले आणि चिचारोन वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे. चिचारोन दुसऱ्या दिवशी गरम ओव्हनमध्ये पुन्हा कुरकुरीत करता येतो.