भाडेकरू गेला, सामान राहिले : इंदूरच्या घरमालकांनी काय करावे

भंवरकुआं परिसरातले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी परीक्षा आटोपली की गावी परततात आणि खोलीत गादी, कूलर, पुस्तकांचे गठ्ठे राहून जातात. रामबाग किंवा राजेंद्रनगरात वरचा मजला भाड्याने देणाऱ्यांनाही हे नवे नाही. अशा सामानाला हात लावण्यापूर्वी भाडेकरूने ताबा खरोखर सोडला आहे काय, हे निश्चित करावे. त्याने किल्ली परत दिली असेल किंवा खोली सोडल्याचे लेखी कळवले असेल, तर प्रश्न उरत नाही. मात्र दाराला त्याचेच कुलूप असेल आणि फोन लागत नसेल, तर भाडे कितीही थकलेले असो, कुलूप तोडू नये. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ नुसार, कायदेशीर मार्गाने न जाता ताबा काढून घेतल्यास तो परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. तेथे वकिलाचा सल्ला घेऊनच पुढे जावे.

ताबा हाती आल्यावर, वस्तू जागच्या हलवण्यापूर्वी, शेजारच्या दोघांसमक्ष पंचनामा करावा. यादीत नुसते ‘एक कूलर’ लिहून भागत नाही. ‘लोखंडी कूलर, पंप नाही, डावी जाळी गंजलेली’ असे लिहावे, छायाचित्रे काढावीत आणि तारखेसह सह्या घ्याव्यात. नासलेले अन्नधान्य त्याच दिवशी टाकावे. गुणपत्रिका, आधार कार्ड यांसारखी कागदपत्रे वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवावीत, कारण ती हरवल्यास होणारा मनस्ताप कूलरच्या किमतीत मोजता येत नाही.

त्यानंतर करारनाम्यातील कायमच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने नोटीस पाठवावी व तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावी. सामानाची यादी, ते नेण्याची वेळ आणि मुदत तीत असावी. करारात मुदत दिलेली नसेल, तर माझ्या मते महिनाभराची द्यावी. पंधरवडा बाहेरगावच्या मुलांना अपुरा पडतो.

दरम्यान हे सामान तुमच्याकडे ठेव म्हणून आहे असेच समजावे. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाचे कलम १५१ ठेव सांभाळणाऱ्याकडून, सुज्ञ माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेतो तितकी काळजी अपेक्षितो. म्हणून आषाढात गादी गच्चीवर टाकणे अंगाशी येऊ शकते. थकलेल्या भाड्यापोटी सामान अडवून ठेवू नये. भाड्याचा हिशेब अनामत रकमेतून, नाहीतर न्यायालयात करावा.

मुदत संपली म्हणजे वस्तू आपोआप तुमची होत नाही. सापडलेल्या वस्तूच्या विक्रीलाही याच कायद्याचे कलम १६९ अटी घालते: शोध घेऊनही मालक सापडत नसला किंवा मागूनही रास्त खर्च देत नसला, आणि त्याशिवाय वस्तू नासण्याचा वा तिची बहुतांश किंमत जाण्याचा धोका असला किंवा खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर पोहोचला, तरच विक्री करता येते. तेव्हाही अटालेवाल्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, पावती घ्यावी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम भाडेकरूच्या नावे नोंदवून ठेवावी. गॅस सिलिंडर मात्र अटाल्यात देऊ नये. तो कंपनीचा असल्याने एजन्सीला कळवूनच परत करावा.