अपील केलं, तरी न्यायालयाचा बेलिफ दारात?

नुसतं अपील दाखल करून हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या निर्णायक आदेशाची) अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. मुंबईच्या लघुवाद न्यायालयाने (इथे भाडेकरू-घरमालक वाद चालतात) भाडेकरूला जागा खाली करायला सांगितलं, तर त्याच न्यायाधीशांकडे तिथल्या तिथे तात्पुरती स्थगिती मागा आणि प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका. भाडे नियंत्रण कायद्याखालचं अपील ३० दिवसांत, त्याच न्यायालयाच्या अपील पीठापुढे. सोबत स्थगिती अर्ज आणि प्रतिज्ञापत्र: भरीव नुकसान नेमकं कोणतं, अर्जाला उशीर का नाही, हमी काय देणार. मोघम ‘मोठं नुकसान होईल’ चालत नाही. मुदत टळली असेल तर आधी विलंबमाफीचा (उशीर माफ करण्याचा) अर्ज.

स्थगिती फुकट नसते! सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालापासून, जागा वापरत राहण्याबद्दल भाड्याच्या बाजारभावाने भरपाई भरण्याची अट लागू शकते. या भरपाईचा हप्ता चुकला, की स्थगिती धोक्यात.