मूळ गावी सहकुटुंब: मराठवाड्यातल्या गावाचा दौरा कसा आखावा

दोन-तीन पिढ्यांपूर्वी पुण्या-मुंबईकडे गेलेली कुटुंबं मोठ्या हौसेने मूळ गावाला जायचं ठरवतात. आखणी बहुधा अशी होते: सकाळी तुळजापूर, दुपारी गाव, संध्याकाळी परळी. गाडी गावात शिरते तेव्हा बाराचं ऊन असतं आणि गाव रानात गेलेलं असतं. पारावर दोघं-तिघं, बाकी घरांना कड्या. मारुतीला नारळ फोडायचा, पडक्या वाड्यासमोर फोटो काढायचा आणि तासाभरात निघायचं. आजोबांना ओळखणारी एखादी म्हातारी त्या वेळी खुरपायला गेलेली असते, तिची भेट होतच नाही.

म्हणून गावाला एक पूर्ण मुक्काम द्या. दिवस मावळायच्या आत पोचा, रात्री राहा, दुसऱ्या दिवशी जेवून निघा. माणसं घरी सापडतात ती सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. तीर्थं, किल्ले, लेणी जे काही पाहायचं असेल ते या मुक्कामाच्या अलीकडे-पलीकडे बसवा.

आधी गाव पक्कं करा

पिंपळगाव आणि वडगाव मराठवाड्यात कितीतरी आहेत. नावाच्या जोडीला तालुका आणि बुद्रुक की खुर्द हे कळल्याशिवाय निघू नका. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शेजारी असतात, पण भावकी वेगळी.

जुन्या कागदावरचा जिल्हा तसाच्या तसा धरू नका. जालना जिल्हा १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून निघाला, हिंगोली १९९९ साली परभणीतून. आजोबांच्या दाखल्यावर 'जि. परभणी' असेल तर गाव आज हिंगोलीत असू शकतं. १९५६ च्या आधीच्या कागदांत तर आणखी घोळ होतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. बीदरचं नाव दिसलं म्हणून कर्नाटकात शोधत बसलेली कुटुंबं असतात, आणि गाव असतं लातूर जिल्ह्यात. 'मोमिनाबाद' म्हणजे आजचं अंबाजोगाई.

गाव जुन्या जागी आहे का, हेही विचारा. जायकवाडी, माजलगाव अशा धरणांत गेलेली गावं दुसरीकडे वसवली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागेवर नेली गेली. अशा ठिकाणी नकाशावरचं गाव गाठून भागत नाही. जुनं गावठाण दाखवणारा माणूस सोबत लागतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण त्या जुन्या जागेशीच बांधलेली असते.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून माहिती काढताना "गाव कसं होतं?" असं विचारलं तर "चांगलं होतं" एवढंच उत्तर मिळतं. बारीक विचारा. दारातून बाहेर पडलं की उजव्या हाताला कुणाचं घर? पाणी आडावरून आणायचं की नदीत झिरा काढून? पोळ्याला पहिला बैल कुणाचा निघायचा? लेकरांचं जावळ कुठे काढायचे? या शेवटच्या प्रश्नातून पुष्कळदा कुलदैवताचा पत्ता लागतो. शेतांची नावंही लिहून घ्या: चिंचेचं, मळई, माळपट्टी, खारी. गट नंबर कुणाच्या ध्यानात नसतो, शेताचं नाव मात्र तीन पिढ्यांनंतरही गावात चालू असतं.

कागदपत्रं, आणि त्यातली एक नाजूक गोष्ट

सातबारा महाभूलेखवर दिसतो, पण तो आजच्या गट नंबरावर. आजोबांच्या कागदावर सर्वे नंबर असेल, तर जुना-नवा मेळ भूमी अभिलेख कार्यालयाच्या एकत्रीकरणाच्या (शेतांचे तुकडे जोडून गट पाडल्याच्या) नोंदीतून घालावा लागतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक (कुठली जमीन कुणाकडे होती याची त्या सालची नोंद) मागा. वंशावळ जुळवायला ही दोन फार उपयोगी पडतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचे कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल, असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो: फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. नकलेचा अर्ज निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी द्या. त्याच दिवशी नक्कल हातात पडेल या भरवशावर राहिलं तर सहलीचा एक दिवस तहसीलच्या बाकावर जातो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातून निर्गम उतारा मिळतो. त्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, ओळखपत्र आणि शाळा चालू असलेला दिवस लागतो.

आता नाजूक गोष्ट. चाळीस-पन्नास वर्षांनी एक कुटुंब गावात येतं आणि पहिल्याच तासाला तलाठ्याची चौकशी करतं. गावात एकच अर्थ निघतो: हिस्सा मागायला आले. मग जी माणसं मांडी घालून बोलली असती ती दारातूनच बोलतात. कागदाचं काम तालुक्याच्या गावी वेगळ्या दिवशी उरका. गावात शिरताना सगळ्यात थोरल्या माणसाने मोकळेपणाने सांगून टाकावं, की लेकरांना गाव दाखवायला आणि देवाला आलो आहोत. जमिनीत खरोखर हक्काचा प्रश्न असेल तर त्यासाठी वकील घेऊन निराळी फेरी करा. या फेरीत तो विषय कुणीही काढायचा नाही, हे निघतानाच घरच्या सगळ्यांना बजावून ठेवा.

वंशावळीत वरची नावं तुटत असतील तर नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या पाहाव्यात. पूर्वज तिथे गेले असतील तर मूळ गाव आणि आडनावावरून लेख सापडतो. सापडला तर खाली आपल्या पिढीची नावं लिहून या.

कधी जावं

मे महिन्यात सुट्ट्या असतात म्हणून बहुतेक जण तेव्हाच निघतात. त्या वेळी पारा बेचाळिशीच्या पुढे असतो, पुष्कळ गावांत टँकर चालू असतो, आणि वीस माणसांचं पाणी यजमानावर पडतं. पावसाळ्यात रान हिरवं दिसतं, पण काळ्या मातीच्या वाटेवर चारचाकी घालू नका. चिखल चाकाच्या वरच्या पत्र्यात ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. पाऊस उघडल्यावरही दोन-तीन दिवस ती वाट धरत नाही. डांबरीवर गाडी लावून चालत जा.

लातूर-धाराशिवकडचं गाव असेल, किंवा बीड-नांदेडच्या लगतच्या तालुक्यांतलं, तर वेळ अमावस्येसारखा दिवस नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या कधी डिसेंबरअखेर येते, कधी जानेवारीत. गावातले लोक हिला येळवस म्हणतात. बाहेरगावी गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात, म्हणजे गावाबरोबर गाव सोडून गेलेलेही भेटतात. रानात कडब्याची कोप (खोपी) उभी केलेली असते, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा होते, आणि शिवारात आंबील शिंपडतात. जेवणात भज्जी, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हिवाळ्यातल्या भाज्या चिंच घालून बेसनात शिजवलेल्या. जोडीला ज्वारी-बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे. आंबील ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, वर लसूण-जिरं घालून केलेली असते आणि मातीच्या बिंदग्यात गार राहते. शहरातल्या लेकरांना ती आधी अर्धी वाटीच द्या, पोटाला सवय नसते. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायची रीत आहे, तेव्हा आमंत्रणाची वाट पाहू नका. पण आदल्या रात्रीच गावात पोचलेलं बरं, कारण सकाळी घरं लवकर रानात जातात.

ही तिथी साधली नाही तर पुढचे काही आठवडे हुरड्याचे. दुसरा पर्याय गावच्या जत्रेचा. माणसं खूप भेटतात, पण निवांत बोलणं होत नाही.

प्रवास

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. येळवशीच्या सुमाराला पहिल्याच दिवशी करा. मुंबईहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडे तपोवन, देवगिरी, नंदीग्राम आहेत. लातूर-धाराशिवला रात्रीची लातूर गाडी सोयीची. पुढे पंधरा-सोळा जणांना सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो. एसटीने फिरणार असाल तर ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात आहे. ज्येष्ठांचं आधार कार्ड जवळ ठेवा.

कुलदैवताचं दर्शन ठरवताना तिथी पाहा. तुळजाभवानीची वर्षातून तीनदा मंचकी निद्रा असते: शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. येळवशीनंतर लगेच तुळजापूरला जाणाऱ्यांनी ही तिसरी ध्यानात ठेवावी, कारण ती पौष प्रतिपदेलाच सुरू होते. त्या दिवसांत मूर्ती सिंहासनावर नसते आणि अभिषेक होत नाहीत. नळदुर्गच्या खंडोबाची मूर्ती वर्षातला मोठा काळ अणदूरला असते आणि थोडा काळ मैलारपूरला, म्हणून निघताना विचारून घ्या. संभाजीनगरकडून येणार असाल तर वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी.

गावात

आधी मारुती, मग भावकीतल्या सगळ्यात थोरल्याचं घर. हा क्रम चुकवू नका. भावकीत दोन तट असतील तर गावात शिरायच्या आधी कळायला हवं. एका घरी जेवण झालं तर दुसऱ्या घरी चहा तरी घ्याच, नाहीतर तुम्ही गेल्यावर त्याची बोलणी यजमानाला खावी लागतात. चहा दहा घरी होतो. नको म्हणू नका, अर्धा कप मागा. नेताना भावकीचे उंबरे मोजून प्रत्येकी पाव किलो पेढे, बायकांना खण-नारळ, थोरल्यांना टॉवेल-टोपी. भारी वस्तू एकालाच देऊ नका.

भावकीला एकत्र जेवू घालायचं असेल तर किराणा गावातल्याच दुकानातून आणि आचारी पंचक्रोशीतला घ्या. १०० पानांना १० किलो तांदूळ, वरणाला ४ ते ५ किलो तूरडाळ आणि ८ ते १० किलो बुंदी धरा. पंगत देवळात ठेवली की दोन्ही तट येतात.

जेवणाला लेकींना बोलवा. आसपासच्या गावांत दिलेल्या आत्या, चुलतआत्या. घराण्यातली नावं, कोण कुणाला दिली, कोणत्या दुष्काळात कोण गेलं, हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त पाठ असतं. दोघी-तिघी एकत्र बसल्या की एक विसरते ते दुसरी पुरवते. फोनवर आवाज रेकॉर्ड करताना विचारून करा, फोन हातभर अंतरावर गोधडीवर ठेवा आणि पंखा बंद करा. जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावाल तर सुरुवातीला लाजतील. थोडं थांबा.

जुना वाडा पाहताना सगळ्यात मोठा धोका माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा. तुळयांवर लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी ही रचना असते. दर उन्हाळ्यात नवी माती टाकून, दाबून उतार धरावा लागतो. घर बंद पडलं की ते काम थांबतं, उंदरांच्या बिळांतून पाणी आत मुरतं आणि लाकूड वरच्या अंगाने कुजत जातं. खालून पाहिलं तर तुळई धडधाकट दिसते. म्हणून माळवदावर कुणीही चढू नये, फोटोपुरतंसुद्धा. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, उभं राहून पाहा: कोनाड्यातल्या दिव्याची काजळी, भिंतीतलं बळद (धान्याची कोठी), दाराच्या कड्या. धान्याचं जुनं पेव (जमिनीतलं कोठार) असेल तर तोंडापाशीही लेकरांना सोडू नका. बंद पेवातली हवा श्वास घेण्याजोगी नसते, आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. पडक्या भिंतींत विंचू आणि साप असतात, पायांत बूट आणि हातात बॅटरी हवी.

निघण्याआधी एका वहीत तीन गोष्टी उतरवा: भेटलेल्यांची नावं आणि तुमच्याशी नातं, एका घरचा फोन नंबर, गावच्या जत्रेची तिथी. फोटो महिन्याच्या आत कागदावर छापा. मागे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं लिहा, म्हाताऱ्या माणसांचे फोटो जरा मोठे काढा, आणि पाकीट दोन्ही तटांच्या घरी एकाच दिवशी पोस्टात टाका.