गुडघा दुखावल्यावर रक्ताचे रिपोर्ट बघताय? या चुका टाळा

गुडघ्याचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) किंवा मेनिस्कस (आतली कुर्चेची गादी) फाटलं की एमआरआय होतोच, पण बरेच जण सोबत रक्ताचं मोठं पॅकेजही करून घेतात आणि मग रिपोर्टवरून भलतेच अर्थ काढत बसतात.

सगळ्यात मोठा घोळ लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा. त्यात कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड असतं, त्यावरून गुडघ्याची सूज कळत नाही. सूज आणणारी लिपिडं वेगळीच, प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्रायन वगैरे, ती पेशींच्या आवरणातल्या ॲराकिडॉनिक ॲसिडपासून जिथल्या तिथे बनतात, आणि सूज ओसरवणारी रिझॉल्विन्स ओमेगा-३ पासून. ही मुख्यतः संशोधनात मोजतात, कारण मोजणं फार नाजूक काम आहे. प्रोस्टाग्लँडिन ई२ फुफ्फुसातून एकदा गेलं की बरंचसं संपतं, आणि उलट ट्यूबमध्ये रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःच असली लिपिडं तयार करतात, म्हणजे सॅम्पल नीट हाताळलं नाही तर आकडा गुडघ्याचा नाही, ट्यूबचा येतो!

दुसरं म्हणजे वेळ. मोठी दुखापत किंवा ऑपरेशन झालं की एलडीएल-एचडीएल तात्पुरते खाली येतात, ट्रायग्लिसराइड वर जाऊ शकतं. ते बघून "वा, कोलेस्टेरॉल सुधारलं" म्हणत स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) बंद करू नका प्लीज, सहा-आठ आठवड्यांनी परत तपासा.

सीआरपीचंही (सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) तसंच. ते काही तासांत चढायला लागतं, साधारण ४८ तासांनी सगळ्यात वर असतं, मग सूज ओसरत असेल तर उतरतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिवसाचा आणि पुढे चढतोय की उतरतोय ते बघा. ते सर्दीनेही वाढतं, दाताच्या इन्फेक्शननेही. आणि नॉर्मल आलं म्हणून लिगामेंट शाबूत आहे असं नाही.

आयबुप्रोफेनसारख्या गोळीने प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं म्हणून दुखणं कमी होतं, फाटलेलं जुळत नाही, तेव्हा गोळीच्या जोरावर पळायला जाऊ नका. पळायचं कधी ते मांडीची ताकद, सूज आणि गुडघ्याची हालचाल बघून फिजिओ ठरवेल.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलकडून आठवड्यात चमत्काराची अपेक्षा नको, लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यांच्यातली ओमेगा-३ ची पातळी बदलायला महिने लागतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा, गुडघा गरम, लाल, सुजलेला आणि वर ताप असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, तिथे बहुधा सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासतील.