डेंग्यूच्या विषाणूवरचा प्रकल्प करताना या चुका टाळा

सोलापुरात पदव्युत्तर प्रकल्प तपासताना एक चूक मला दरवर्षी भेटते. विषाणूत आरएनए आहे एवढे कळले की विद्यार्थी त्याला एचआयव्हीच्या पंक्तीत बसवतात. एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो, डेंग्यूचा विषाणू डीएनए बनवतच नाही. सुमारे १०,७०० न्यूक्लिओटाइडांचा त्याचा आरएनएचा धन धागा पेशीत शिरल्यावर थेट संदेश म्हणून वाचला जातो. त्यातून बनलेल्या एका लांबलचक प्रथिनाचे तुकडे होऊन दहा प्रथिने सुटी होतात आणि त्यांपैकी एनएस५ हे विकर आधी पूरक प्रत म्हणजे ऋण धागा व त्यावरून पुन्हा अनेक धन धागे तयार करते.

पूर्व भागातला एक मेहनती मुलगा तीन महिने झिडोव्ह्युडिन या एचआयव्हीवरच्या औषधाचे डॉकिंग, म्हणजे औषध प्रथिनावर कसे बसते याची संगणकावरची चाचणी, करत होता आणि त्याचे आकडेही उत्तम आले होते. "हे कुठल्या प्रथिनावर बसवलेस?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवर." आरएनएवरून डीएनए बनवणारे ते विकर डेंग्यूत कुठून आले, असे विचारताच त्याने दप्तरातून भावाचा तपासणी अहवाल काढला आणि 'आरटी-पीसीआर' या अक्षरांवर बोट ठेवले; त्यातले 'आरटी' म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. ते विकर तपासणीसाठी प्रयोगशाळा नळीत घालते, विषाणू ते आणत नाही. त्याने उतरवून घेतलेली प्रथिनाची रचना एचआयव्हीची होती, आणि सॉफ्टवेअर तर समोर ठेवाल त्याला गुण देते. तेव्हापासून मी आधी कागदावर विषाणूच्या वाढीचे चक्र काढायला लावते: धन धागा निळा, ऋण धागा लाल, आणि प्रत्येक बाणाशेजारी विकर विषाणूचे, पेशीचे की प्रयोगशाळेचे, याची नोंद. हा कागद पुरा होईपर्यंत मी संगणकाला हात लावू देत नाही. घाई असणाऱ्यांना हे जाचक वाटते, पण त्या मुलाचे तीन महिने मला आजही सलतात.

डेंग्यूच्याच आकृतीवर चिकुनगुनियाचे नाव लिहू नका. तो विषाणू आपली रचनात्मक, म्हणजे विषाणूकण घडवणारी, प्रथिने वेगळ्या, आखूड आरएनएवरून बनवतो. प्रतिजैविके या दोन्हींवर निरुपयोगी आहेत.

प्रयोगशाळेतल्या पेशींत विषाणू थांबला म्हणजे औषध सापडले, हा निष्कर्षही घाईचा आहे. एनएस५ला रोखण्यासाठी निवडलेले बालापिराविर हे औषध व्हिएतनाममधील रुग्णांना ताप सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिले, तरीही रक्तातील विषाणू घटला नाही. डेंग्यूवर आजही मान्यताप्राप्त विषाणूरोधक औषध नाही. द्रवपदार्थांचे काटेकोर नियोजन आणि तापासाठी पॅरासिटामॉल हाच आधार आहे, तर अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. त्यातही रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे रक्तातला विषाणू ओसरत असतानाच, सर्वाधिक असतो. म्हणून प्रकल्पात औषधाच्या नावाशेजारी, ते तापाच्या कितव्या दिवशी द्यायचे, हेही मी लिहून घेते.