बंद पडलेल्या स्वस्त दुकानाची नोंद कशी करावी

'छापील किमतीपेक्षा कमी' अशी पाटी लावून थाटात उघडलेले आणि काही वर्षांतच शटर ओढून घेतलेले एखादे मोठे दुकान जळगाव, धुळे किंवा भुसावळात राहणाऱ्या बहुतेकांना आठवते. ते कोणत्या वर्षी उघडले, त्यात तेलाची पिशवी कितीला मिळत होती आणि बंद पडण्याआधी तेथे काय घडले, असे विचारले की मात्र चार माणसे चार उत्तरे देतात. अशा दुकानाची नोंद करायची झाल्यास काम कोठून सुरू करावे, कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा आणि लोकांना काय विचारावे, हे माझ्या अनुभवातून येथे मांडतो. आमच्या घराजवळच्या अशाच एका दुकानाची टिपणे मी काही वर्षे जमवत आहे आणि त्यात केलेल्या चुकाही सांगणार आहे.

सुरुवात बिलापासून करावी. स्वस्त दुकानाची खरी ओळख त्याच्या इमारतीत नसून त्याच्या भावात असते, आणि भाव फक्त बिलावर सापडतो. वेष्टनातील मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन १९९० साली आले. त्यामुळे 'एमआरपी'च्या शेजारी आपला कमी भाव छापून 'आपण इतके रुपये वाचवले' असे बिलाच्या तळाशी लिहिणे दुकानदाराला शक्य झाले. अनेक घरांत वाण्याच्या उधारीच्या वहीशेजारी ही बिले वर्षानुवर्षे जपलेली असतात. ती मागताना संकोच करू नये, मात्र मूळ बिल घरी नेण्याचा आग्रहही धरू नये. तेथेच उजेडात फोटो काढावा.

फोटो काढण्याची घाई करण्यास कारण आहे. ही बिले थर्मल कागदावर छापलेली असतात, म्हणजे त्यांवर शाई नसते. उष्णतेने काळे पडणारे रसायन कागदावरच लावलेले असते. उजेड, तेलकट हात आणि प्लॅस्टिकच्या फाइली यांमुळे अक्षरे उडून जातात, तर जास्त उष्णतेने उलट सगळा कागद काळवंडतो. मी जमवलेली पहिली चाळीस-एक बिले पारदर्शक प्लॅस्टिकच्या कप्प्यांत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या पेटीचे काय होते हे खानदेशातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जूनमध्ये पेटी उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक बिले कोरी झाली होती. म्हणून बिल कागदी पाकिटात, अंधारात आणि घरातल्या थंड खोलीत ठेवावे. लॅमिनेशन तर चुकूनही करू नये. त्या यंत्राची उष्णता लागताच बिल क्षणात काळे होते. अक्षरे फिकी झाली असतील तर रंगीत स्कॅन करून मोबाइलवरच गडदपणा वाढवून पाहावा, बऱ्याचदा आकडे पुन्हा दिसू लागतात.

बिलावरची तारीख उडाली असली तरी काळ ठरवता येतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट लागू झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. व्हॅटचा क्रमांक अकरा आकडी असून त्याच्या शेवटी इंग्रजी 'व्ही' हे अक्षर असे. जीएसटीचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. दोन्हींची सुरुवात महाराष्ट्रात २७ नेच होत असल्यामुळे पहिले दोन आकडे पाहून निष्कर्ष काढू नये, अक्षरे मोजावीत. जीएसटी क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन असतो. त्यामुळे दोन वेगळ्या पाट्यांच्या दुकानांच्या बिलांवर ही दहा अक्षरे एकच आली, तर पाटी बदलली तरी मालक तोच होता हे पुराव्यानिशी सांगता येते. गावात 'ते दुकान विकले गेले' अशी चर्चा असते, तेव्हा ही एवढी खूण फार उपयोगी पडते. फुकट मिळालेली प्लॅस्टिकची पिशवीही काळ सांगते: राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणली, तेव्हा दुकानाचे नाव छापलेली तशी पिशवी सहसा त्याआधीची असते.

भाव टिपताना वजन आणि एमआरपी यांशिवाय भाव टिपू नये. 'तेव्हा तेल साठ रुपयांना होते' या वाक्याला नोंद म्हणता येत नाही, कारण पिशवी एक लिटरची होती की एक किलोची हे त्यात नाही आणि एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅमच भरते. त्या वेळच्या भावाची आजच्या भावाशी तुलना करण्याचा मोह होतो, परंतु त्यातून महागाईखेरीज काहीही कळत नाही. तुलना त्याच महिन्यातल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या भावाशी करावी. मी तशी केली तेव्हा साबण, बिस्किटे आणि चहा खरोखर स्वस्त निघाले. तूरडाळ आणि ज्वारी मात्र दाणाबाजारातच स्वस्त होती. स्वस्त दुकान सगळ्याच बाबतींत स्वस्त नव्हते, हे एवढे साधे सत्य बिले शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कोणीही मान्य करत नाही.

आता माणसांकडे वळू. 'त्या दुकानाच्या आठवणी सांगा' असा प्रश्न कधीही विचारू नये. 'चांगले होते, एसी होता' या पलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी समोर बिल किंवा स्टीलच्या डब्यावर अजून चिकटून राहिलेले किमतीचे स्टिकर ठेवावे आणि विचारावे, "दारातून आत शिरल्यावर पिशवी कोठे ठेवायची? टोकन कोण द्यायचे? उजव्या हाताला काय होते?" माणूस मनातल्या मनात दुकानात चालू लागतो, आणि मग दिवाळीच्या आदल्या रविवारी लागलेली रांग, सरकत्या जिन्याला घाबरून खालीच थांबलेली आजी, ढकलगाडीत बसवलेले पोर हे सगळे आपोआप येते. त्याच वेळी कागदावर दुकानाचा नकाशा काढत जावा आणि पुढच्या माणसाकडून तो तपासून घ्यावा. बोलणारी व्यक्ती अहिराणीत बोलत असेल तर मध्ये प्रमाण मराठीत उल्था करून तिला थांबवू नये, "कितलाले लिधं?" या प्रश्नातला भाव 'किती रुपयांना घेतले' असे लिहिल्यावर उरत नाही. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि कूलर बंद करावा. उन्हाळ्यात कूलर बंद करा असे सांगण्याची हिंमत होत नसेल तर हे काम हिवाळ्यावर ढकलावे.

खानदेशात दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना वेगवेगळे भेटणे आवश्यक आहे. भुसावळची रेल्वे, दीपनगरचे वीज केंद्र, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी येथील पगारदार घरांचा किराणा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदम भरला जातो. मोठ्या दुकानांची सारी रचना याच गिऱ्हाइकासाठी होती. शेतकऱ्याच्या घरचा पैसा कापूस विकल्यावर येतो आणि सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होते. त्यांना कापूस निघेपर्यंत थांबणारा वाणी लागतो, आणि रोख दिल्याशिवाय काउंटरच्या पुढे जाऊ न देणारे दुकान कितीही स्वस्त असले तरी त्यांच्यासाठी ते सणाला पाहायला जाण्याचे ठिकाण राहते. माझ्या मते आपल्याकडच्या काही स्वस्त दुकानांची गर्दी आणि गल्ला यांतील तफावत येथे आहे. मात्र हे माझे अनुमान आहे, आणि अनुमान वहीत वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहावे.

दुकान का बंद पडले, हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाजवळ तयार असते आणि ते बहुधा 'ऑनलाइनमुळे' असे असते. देशातल्या मोठ्या साखळ्यांची कागदोपत्री हकीगत पाहिली तर कारणे एकसारखी नाहीत. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली सुभिक्षा काही वर्षांत सुमारे १६०० दुकानांपर्यंत वाढली आणि २००९ च्या सुरुवातीला हाती रोकड न उरल्याने थांबली. तेव्हा ऑनलाइन किराणा जवळपास नव्हताच. २००१ मध्ये सुरू झालेल्या बिग बाजारचा, ज्याच्या २००६ पासूनच्या २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'ची गर्दी अनेकांना आठवते, शेवट कर्ज, टाळेबंदी, ॲमेझॉनशी झालेला वाद आणि थकलेली भाडी यांच्या गुंत्यात झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या अनेक जागा रिलायन्सकडे गेल्या आणि जुलै २०२२ मध्ये ते चालवणारी फ्यूचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. विशाल मेगा मार्ट कर्जाने खचून २०११ मध्ये विकले गेले, पण नव्या मालकांकडे टिकले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे शेअर बाजारात आले. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डीमार्टने शक्यतो जागा विकतच घेतल्या, त्यामुळे भाड्याचा फास त्याच्या गळ्याला लागला नाही. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या केमार्टची घसरण तर कित्येक दशके चालली. तेव्हा आपल्या गावातल्या दुकानाचे कारण या हकीगतींवरून उचलू नये, स्वतंत्र शोधावे.

त्यासाठी माझा भरवशाचा प्रश्न एकच आहे: "सर्वांत आधी कोणती वस्तू यायची बंद झाली?" शटर पडण्याच्या कितीतरी आधी फळ्या रिकाम्या होऊ लागतात, कारण पैसे थकले की पुरवठादार माल थांबवतात. आमच्या दुकानात काम केलेल्या एका बाईंनी सांगितले की आधी नावाजलेल्या कंपन्यांची साबण-पावडर येईनाशी झाली, मग एकाच जातीच्या बिस्किटांचे पुडे पसरून दोन-दोन फळ्या भरायला लावले गेले आणि त्यानंतर पगार लांबला. हा क्रम कोणत्याही वर्तमानपत्रात आलेला नव्हता. कामगारांशी बोलताना त्यांची नावे लिहू नयेत. काहींची थकबाकी अजून मिटलेली नसते आणि काही जण आज त्याच धंद्यात दुसरीकडे नोकरीला असतात.

उद्घाटनाच्या आणि सवलतींच्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत सापडतात. त्यासाठी जळगावचे व. वा. वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय येथे जुन्या फाइलींची चौकशी करावी. दिवाळी, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधीचे चार-चार दिवस आधी चाळावेत, म्हणजे वेळ वाचतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास तिचे वार्षिक अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

सगळे जमल्यावर प्रत्येक बिलाच्या पाकिटावर पेन्सिलीने तारीख, गाव, बिल कोणत्या प्रकारच्या घरातून मिळाले आणि तारीख कशावरून ठरवली हे लिहावे. फोटो आणि ध्वनिफिती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक संच गावातल्या वाचनालयाला द्यावा. पाकिटे पेटीत भरण्याआधी पेटी पुठ्ठ्याची आहे ना, एवढे पाहून घ्यावे.